नॉर्वेच्या बायकांवर दहा मिनिटं

महिलादिन साजरा करणाऱ्या पुरुषांचा मला जुना तिटकारा आहे. त्या एका दिवशी ते फार गोड बोलतात. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये आमचं महाराष्ट्र मंडळ होतं, चाळीसेक कुटुंबांचं, आणि त्याचे चार महिलादिन मी डोळ्यांनी पाहिले. दर वर्षी कुणीतरी गृहस्थ माइक हातात घेऊन स्त्री ही शक्ती आहे असं सांगायचे, आणि ती शक्ती त्या वेळी हॉलमागच्या स्वयंपाकघरात वडे तळत असायची. तिला टाळ्या ऐकू यायच्या, भाषण नाही. नंतर प्रत्येकीला एक गुलाब मिळायचा, सुपरमार्केटातला, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. गुलाब वाटायला मात्र पुरुषांची झुंबड उडायची.

पाचव्या वर्षी त्या माइकमागे मी उभी होते. तोऱ्यात सुरुवात केली आहे खरी, पण गोष्ट फिरून माझ्यावरच येणार आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सात वर्षं. जर्मन कंपन्यांना आपल्याकडचे इंजिनियर हवे होते, आणि इंजिनियरबरोबर त्याची बायको यायची. ती कुणाला हवी होती का, हे कुणी विचारलेलं नसावं. माझा नवरा औषधांच्या एका मोठ्या कंपनीत यंत्रांची देखभाल बघायचा. माझ्या पासपोर्टात शिक्का होता: कामधंदा करण्यास परवानगी नाही. मी पुण्यात चित्रकलेचा पाच वर्षांचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी दोन वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली होती. शिकवणं मला आवडायचं. चित्रं काढण्याइतकंच आवडायचं, खरं तर थोडं जास्तच.

हे सगळं मंडळाला माहीत होतं, म्हणून मंडळाने मला कामही दिलं होतं. गणपतीची आरास, दिवाळीची रांगोळी, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाचा कागदी हत्ती. ‘वहिनींच्या हातात कला आहे,’ असं सगळे म्हणायचे. ती डोक्यातही असू शकते, अशी शंका कुणाला आली नाही. नवराही म्हणायचा. तो भला माणूस होता आणि आहे. भांडी घासायचा, मुलीला शाळेत सोडायचा, माझ्या चित्रांना खिळे ठोकून द्यायचा. फक्त चित्र भिंतीवर लागलं की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटायचा.

शहराची फोल्क्सहोखशुले होती, म्हणजे प्रौढांसाठीचे वर्ग. तिथे मी जर्मन शिकायला जायचे. एकदा त्यांच्या जाड पुस्तिकेत एक वेगळाच वर्ग दिसला. नॉर्वेच्या पहिल्या स्त्री-चित्रकार, सहा मंगळवार, स्लाइड्ससह. मला नॉर्वेबद्दल काडीची माहिती नव्हती. मंगळवार मोकळा होता, म्हणून मी नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, उंच, ताठ. वर्षभर एकच हिरवा कोट. त्यांचं नाव इथे नको. मी त्यांना मनात ‘बाई’च म्हणायचे, शाळेतल्यासारखं. समोर आम्ही बाराजणी आणि एक निवृत्त गृहस्थ. पडदे ओढले की गृहस्थ झोपायचे.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नॉर्वेतल्या काही मुलींना चित्रकार व्हायचं होतं. घरी शिकायची सोय नव्हती, म्हणून त्या जर्मनीत आल्या, म्युनिकला, बर्लिनला. इथल्या अकादमींनी सांगितलं, बायकांना प्रवेश नाही. मग त्या कुणाकुणा चित्रकाराच्या खासगी वर्गात शिकल्या. परदेशातून जर्मनीत येऊन बाईने बंद दारासमोर उभं राहणं ही परंपरा इतकी जुनी आहे हे ऐकून मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

लोक त्यांना सांगायचे, फुलं काढा, फुलं बायकांना शोभतात. त्या घरी परतल्या आणि त्यांनी दलदल काढली. मैलोगणती सपाट, ओली जमीन. काळं पाणी, कापून रचलेल्या जळाऊ मातीच्या विटा, वर जड आभाळ. लांब परकर सावरत वाऱ्यात उभं राहून काढली. परकर उडू नये म्हणून त्यातली एकजण खिशात दगड घालायची, असं बाई म्हणाल्या. ही गोष्ट खरी की बाईंनी जोडलेली, मला आजही ठाऊक नाही. आणि चित्रातून हात मोकळा झाला की त्याच बायका मतदानाच्या हक्कासाठी लेख लिहायच्या, सह्या गोळा करायच्या, सभांना जायच्या. मला ते दलदलीचं चित्र फार आवडलं. त्यात माणूस नव्हतं. चहा मागायला कुणी नव्हतं.

माझ्या आजूबाजूच्या जर्मन आज्या मात्र प्रत्येक स्लाइडला उसासे टाकायच्या. ‘मूटिश,’ म्हणायच्या. धाडसी. किती धाडसी! शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं कौतुक करायला काही लागत नाही. ती तुमच्या शेजारची जागा मागत नाही. एकदा मधल्या सुट्टीत त्यातल्या एकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळव्या आवाजात विचारलं, ‘तुमच्या देशात बायकांना चित्रं काढायची परवानगी असते का?’ मी म्हटलं, असते की. माझ्या कॉलेजात अर्ध्याहून जास्त मुलीच होत्या. चित्रं काढायची परवानगी नसते ती इथे, आणि ते माझ्या पासपोर्टात तुमच्याच भाषेत छापलंय. तिने हात काढून घेतला. पुढच्या मंगळवारी ती दुसऱ्या रांगेत बसली.

खरं तर मी अर्धंच बोलले होते. कॉलेजातल्या त्या मुलींपैकी किती जणी आज चित्रं काढतात, हे तिने विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. पण जर्मन आज्या दुसरा प्रश्न विचारत नाहीत. पहिल्यानेच त्यांचं समाधान होतं.

बाईंनी ते ऐकलं असावं. सहाव्या मंगळवारी पडदे उघडताना त्या वर्गाला म्हणाल्या, ‘सारखं धाडसी धाडसी करू नका. त्या रोज सकाळी सामान उचलून कामाला जायच्या. आजच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा.’ मग मला थांबवून घेतलं आणि माझी चित्रं आणायला सांगितली. पाहिल्यावर चांगली आहेत की वाईट, हे काही बोलल्या नाहीत. शिकवता येतं का, एवढंच विचारलं.

बाईंचा शनिवारी सकाळी आणखी एक वर्ग असायचा. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपलीकडे ओलं कुरण होतं, कडेला वाळुंजाची झुडपं आणि एक ओढा. तिथे उभं राहून समोर दिसतं ते काढायचं. मार्चपासून सुरू, थंडी असो वा नसो. विद्यार्थी आठ. मी वर्षभर त्यांना मदत म्हणून जात होते: चित्रफळा टेकवायच्या घोड्या उभ्या करायला, रंग मिसळून दाखवायला. तिथे मला कुणी वहिनी म्हणायचं नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत बाई बर्फावर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तर कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्या होत्या, चेहऱ्यावर आठ्या. म्हणाल्या, ‘मार्चपासून शनिवारचा वर्ग तुम्ही घ्या. मदत म्हणून नाही. तुमच्या नावावर. नीट चाललं तर तो पुढेही तुमचाच. मी किती वर्षं उभी राहणार आहे?’

मी ट्राममधून घरी येताना दोन स्टॉप पुढे गेले. आयुष्यात मला काही हवंसं वाटलं असेल तर ते हे. नवरा नाही, जर्मनी नाही, घर नाही. ते सगळं आपोआप झालं होतं, चांगलं झालं होतं. हा वर्ग मला हवा होता. त्या पुस्तिकेत माझं नाव छापून यायला हवं होतं, वेळ आणि वार यांच्यासमोर.

त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीतून परवानगी लागणार होती. नवरा म्हणाला, थांब, मी सुट्टी काढून येतो. मी म्हटलं, नको, माझं मी बघते. माझा तोरा बघा. वर्ग घ्यायला निघालेल्या बाईने नवऱ्याचं बोट धरून अर्ज द्यायचा? मी एकटी गेले, अर्ज स्वतः भरला, शब्दकोश मांडीवर ठेवून. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, मालेरिन. काय करायचं आहे, यापुढे लिहिलं, आउसबिल्डुंग. चित्रकार, शिक्षण. दोन शब्द, दोन्ही बरोबर. समोरच्या बाईने वाचलं, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि शिक्का मारून घेतला.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. रंगकाम हा परवानाधारक कारागिरांचा धंदा आहे, त्यात शिकाऊ कामगार तयार करायचे असतील तर अर्जदाराने आपलं माइस्टरब्रीफ सादर करावं. माइस्टरब्रीफ म्हणजे उस्ताद कारागीर असल्याचं प्रमाणपत्र. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग शब्दकोश उघडला. ‘मालेर’ या शब्दापुढे दोन अर्थ होते. मी पहिल्यावर थांबले होते. दुसरा होता, घरांच्या भिंती रंगवणारा. आणि आउसबिल्डुंग म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे, हाताखाली उमेदवार घेऊन त्याला धंदा शिकवणं.

म्हणजे मी जर्मन सरकारला कळवलं होतं की मी पुण्याहून आलेली रंगारी असून मला हाताखाली पोरं घ्यायची आहेत.

नवरा सोफ्यावर आडवा होऊन हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले, नाही असं नाही. मी चित्रकलेला जाणार म्हटल्यावर आमच्या घरी हाच गोंधळ झाला होता; वडिलांच्या डोळ्यांसमोर पेंटर म्हणजे शिडीवर चढून दुकानाच्या पाट्या लिहिणारा माणूस होता. पंधरा वर्षांनी आणि सहा हजार किलोमीटरवर मी पुन्हा त्याच शिडीवर. पण नवऱ्याने ही गोष्ट मंडळात सांगितली, आणि तिथून पुढे ती माझी राहिली नाही. हळदीकुंकवाला, केळवणाला, ग्रिलपार्टीला. ‘वहिनी, आमच्या हॉलची एक भिंत राहिलीय बघा.’ ‘वहिनी, डिस्टेंपर की ऑइलपेंट?’ जे गृहस्थ घरात बल्ब बदलायला बायकोला हाक मारायचे तेही मला ब्रशचा नंबर विचारायला लागले. एकालाही हे सुचलं नाही की विचारावं, मग त्या वर्गाचं काय झालं?

वर्गाचं काम शेवटी माझ्या मुलीने केलं. ती तेव्हा दुसरीत होती. घरात आम्ही मराठीत बोलायचो आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, यावरून मी तिला रोज बोलायचे. मी पुन्हा कचेरीत गेले त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून तिला बरोबर नेलं. मी परत ‘कुन्स्ट, कुन्स्ट’ करत होते, कला, कला, आणि कचेरीतली बाई मान हलवत होती, कारण चांगला कारागीरही आपल्या कामाला कलाच म्हणतो. मुलगी कंटाळली. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तिने जर्मनमध्ये सांगितलं, ‘माझी आई भिंती नाही रंगवत. ती गवत रंगवते. चिखलात उभी राहते आणि गवत रंगवते, आणि मग घरी येऊन आमच्यावर ओरडते.’ बाई हसली. ‘आल्झो कुन्स्टमालेरिन!’ म्हणाली. कुन्स्टमालेरिन. चित्रं काढणारीसाठी हा तिसरा शब्द असतो. तिने तो स्वतःच्या हाताने लिहिला, आठ दिवसांत परवानगी आली, आणि माझा पहिला वर्ग ठरला मार्चमधल्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेनऊला.

आणि त्या वर्षी माझा नवरा मंडळाचा सचिव झाला.

अध्यक्षांचा फोन मला आला नाही, त्याला आला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. ‘अरे, विमेन्स डेला या वेळी काहीतरी हटके करू यार. वहिनी त्या नॉर्वेच्या बायकांवर काहीतरी करत होत्या ना? त्यांना म्हणावं दहा मिनिटं बोला. एकदम इन्स्पायरिंग. जरा नेचर, जरा विमेन्स राइट्स, फार हेवी नको. आणि दारात रांगोळी तर काय, त्यांचीच असते.’ नवरा म्हणाला, ‘गेनाऊ! डन.’ मंडळात राहून जर्मनमधला हा एक शब्द सगळ्यांच्या जिभेवर बसला होता. गेनाऊ. बरोबर, अगदी तसंच. तो मला विचारण्याच्या ऐवजी वापरला जायचा.

‘कधी आहे?’ मी विचारलं.

‘पहिला शनिवार. हॉल तोच मिळतोय. सकाळी दहाला, म्हणजे जेवून सगळे घरी.’

‘त्या दिवशी माझा वर्ग आहे. साडेनऊला.’

त्याने जीभ चावली. खरोखर विसरला होता. मग म्हणाला, ‘अगं, मग एक शनिवार पुढे ढकल ना. तुझ्याच हातात आहे आता वर्ग.’

‘पहिलाच वर्ग आहे.’

‘तेच म्हणतोय. अजून सुरूच झाला नाहीये, तर पुढच्या आठवड्यात सुरू कर. हॉलचं बुकिंग नाही हलवता येत. आणि मी हो म्हणून बसलोय गं. पहिलाच कार्यक्रम आहे माझा. लोक म्हणतील, सेक्रेटरीची बायकोच येत नाही.’

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते. भांडणात मी कधी हरत नाही. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, अडचणीत सापडलेल्या माणसासारखा. दुसऱ्या दिवशी त्याने कार्यक्रमाचं पत्रक करून इमेलने सगळ्यांना धाडलं. त्यात माझं नाव होतं. वेळ आणि वार यांच्यासमोर. खाली कंसात: रांगोळी – सौ. वहिनी.

मी त्या पत्रकाची भरपूर टर उडवली. मुलीला वाचून दाखवलं, फोनवर बहिणीला वाचून दाखवलं. ज्या बायकांनी घरच्या कामातून सुटून घराबाहेर पाऊल टाकलं, त्यांच्यावर बोलायला म्हणून हे मला माझ्या कामावरून घरी बोलावतायत, असं म्हणून मी खूप हसले. बहीण म्हणाली, ‘मग नाही म्हण ना.’ मी म्हटलं, ‘तुला इथलं माहीत नाही. चाळीस घरं आहेत, रोज तोंडं बघायची असतात.’ चाळीस घरं! ज्या लोकांना मी मनात कवडीची किंमत देत नव्हते त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

बाईंना फोन केला. जर्मनमध्ये एक फार सोयीचा शब्दप्रयोग आहे, ‘कौटुंबिक कारणं’. तो म्हटला की समोरचा माणूस पुढे विचारत नाही.

‘फक्त एक शनिवार,’ मी म्हटलं.

‘पहिला?’

‘हो.’

‘गुट,’ बाई म्हणाल्या. बरं. ‘मी बघते काय करायचं ते.’

शनिवारी साडेनऊला मी हॉलच्या दारात उकिडवी बसून रांगोळी काढत होते. अंगावर लग्नातली पैठणी, वर जाड जाकीट, कारण दार सारखं उघडत होतं. माझ्या मनात दलदल काढायची होती. काळं पाणी, तपकिरी गवत, वर राखाडी आभाळ. आदल्या रात्री मी तसे रंगही चाळून ठेवले होते. सचिव म्हणाले, ‘अगं, महिलादिन आहे, जरा प्रसन्न काहीतरी. मोर वगैरे.’ मी मोर काढला. पिसारा चांगला भरगच्च काढला. लोकांनी त्याचे फोटो काढले.

मग स्वागतगीत झालं, अध्यक्ष स्त्रीशक्तीवर बोलले, आणि मला माइक मिळाला. मी तयारी केली होती. लॅपटॉपवर चित्रं होती. नॉर्वेच्या त्या मुली बोटीतून कशा आल्या, अकादमीने त्यांना दारातून कसं परत पाठवलं, फुलं काढा म्हणणाऱ्यांसमोर त्यांनी चिखल कसा मांडला, मताचा हक्क कसा मागितला, सगळं सांगितलं. खिशातल्या दगडांची गोष्टही सांगितली, तिला हशा आणि टाळ्या दोन्ही मिळाल्या. दहा मिनिटांची बारा झाली. मी चांगली बोलते. स्वयंपाकघराचं दार कुणीतरी त्या दिवशी उघडं ठेवलं होतं, त्यामुळे वडे तळणाऱ्या तिघींना ऐकू जात होतं, आणि याचं श्रेयही अध्यक्षांनी नंतर भाषणात घेतलं.

‘काही प्रश्न?’ मी विचारलं. असं विचारायची पद्धत असते म्हणून.

दुसऱ्या रांगेत सांगलीहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. पायात लोकरीचे मोजे, वर स्लिपर. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ‘त्या बायांना नवरे होते का गं?’

हॉल हसला. मी म्हटलं, ‘ज्या शेवटपर्यंत चित्रं काढत राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींनी लग्न केलं नाही, आजी.’

‘थँक गॉड, मी वाचलो!’ मागून माझा नवरा ओरडला. आणखी मोठा हशा. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आजी हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘मग त्यांना कुणी अडवलं नसेल.’

‘अडवलं ना. सगळ्यांनीच अडवलं. घरच्यांनी, शाळांनी, पेपरवाल्यांनी.’

‘आणि त्या थांबल्या नाहीत?’

‘नाही,’ मी म्हटलं. माइकमधून ते फार मोठ्याने गेलं.

आजींनी मान डोलावली आणि शाल सारखी केली. तेव्हाच सांगता आलं असतं. माइक हातात होता, चाळीस कुटुंबं समोर बसली होती, नवरा मागे उभा होता. एक वाक्य पुरलं असतं, की या घडीला ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपलीकडे आठ माणसांसमोर माझा पहिला वर्ग असायला हवा होता आणि मी इथे पैठणी नेसून उभी आहे. मी ‘धन्यवाद’ म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, वहिनींनी आज आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलं, आणि लगेच, वडे गरम आहेत. मला गुलाबाच्या जागी अख्खा गुच्छ मिळाला, शाल मिळाली. दुपारभर लोक येऊन सांगत होते, किती धाडसी बायका होत्या नाही! अगदी तोच शब्द. जर्मन आज्यांची मी वर्षभर नक्कल करत होते, आणि इथे त्याच उसाशांना मान झुकवून हात जोडत होते. इतकी वर्षं मंडळाला नावं ठेवली. त्या दिवशी मंडळाला हवी होती तशी बाई त्यांना सापडली होती, आणि ती मी होते.

संध्याकाळी सहाला मी बाईंना फोन केला. नवरा आणि मुलगी खाली सायकली ठेवायला गेले होते. मी आधी वर्गाचं विचारलं. रद्द झाला असेल, मुलं वैतागली असतील, असं काहीतरी मनाशी धरून होते. ‘मुलं’ म्हणजे पन्नाशीची माणसं, पण मी मनात त्यांना मुलंच म्हणायला लागले होते.

‘झाला की वर्ग,’ बाई म्हणाल्या. ‘आठही जण आले होते.’

‘कुणी घेतला?’

‘मी.’

‘कुबड्यांवर?’

‘मग दुसरं कुणी होतं का? चिखल फार होता, कुबड्या रुतत होत्या. एकाने गाडीतून खुर्ची आणून दिली. उजेड छान होता आज, तुम्हाला आवडला असता.’

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी मी नक्की, अगदी नक्की. त्या म्हणाल्या, ते राहू दे, आधी सांगा, घरी सगळं ठीक आहे ना? कुणी आजारी आहे का? मुलगी बरी आहे ना? त्यांच्या आवाजात काळजी होती. त्या दिवसभर माझी काळजी करत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी बनवून सांगितलं असतं.

‘कुणी आजारी नाही,’ मी म्हटलं. ‘आमच्या लोकांचा कार्यक्रम होता. महिलादिनाचा. मला भाषण करायचं होतं.’

‘भाषण,’ बाई म्हणाल्या. ‘कशावर?’

मी सांगितलं.

त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मी कानाला रिसीव्हर घट्ट दाबून उभी होते, पैठणी अजून बदलली नव्हती.

‘आख सो,’ त्या म्हणाल्या. अस्सं होय. ‘मग पुढच्या शनिवारीही मीच घेते.’